शीव आणि गावकूस : मराठी समीक्षेतील ‘परिघा’चा एक फेरविचार

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा महामार्ग कात्रजचा घाट उतरून शिवगंगेच्या खोऱ्यात शिरतो. हवेली तालुक्यातील खेड-शिवापूर मागे पडते आणि भोर तालुक्यातील शिवरे हे गाव लागते. तालुक्यांची हद्द या टापूत असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकास गावाचे नाव ऐकताच एक व्युत्पत्ती सुचते, आणि ती इतकी सोयीची असते की तिच्याविषयी संशय घेणेच उचित ठरावे. ‘शीव’ म्हणजे गावाची सीमा. तेव्हा शिवरे म्हणजे शिवेवरचे गाव, असे म्हणून मोकळे होता येईल. परंतु शिवरे हे नाव शंकरवाचक ‘शिव’ शब्दाशीही जोडता येते, ‘शिवार’शीही जोडता येते, आणि शिवण, शेवरी यांसारख्या वृक्षनामांशीही त्याचा मेळ घालता येतो. नुसत्या ध्वनिसाम्यावर स्थलनामाचा निकाल लावण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. ती सोडल्याशिवाय स्थलनामांच्या अभ्यासास शास्त्राचे रूप येणार नाही. म्हणून प्रस्तुत लेखात या गावाच्या नावाचा निकाल लावण्याचा हेतू नाही. त्या नावाने मनात जागा केलेला जो शब्द, ‘शीव’, त्याचाच विचार येथे करावयाचा आहे. आणि तोही आजच्या मराठी समीक्षेत रूढ झालेल्या ‘परीघ’ या संज्ञेच्या संदर्भात.

प्रारंभी एका परकीय भाषेकडे वळणे उपयुक्त ठरेल. आयरिश भाषेत कडेसाठी ‘इम्यल’ असा एक शब्द आहे. पेल्याची कड, रानाची कड, शहराचा बाह्य भाग, हे सर्व या एका शब्दाने सांगता येते. याच शब्दापासून झालेले विशेषण आजच्या सामाजिक लेखनात ‘उपेक्षित’, ‘सीमान्त’ या अर्थी वापरले जाते. मात्र दोन शेतांमधील, दोन परगण्यांमधील अथवा दोन राज्यांमधील हद्द सांगावयाची झाली म्हणजे आयरिश भाषा बहुधा दुसरा शब्द घेते; तो ‘त्योरिन’. आयर्लंडची १९२१ साली फाळणी होऊन जी सीमा निर्माण झाली, तिला हाच दुसरा शब्द लावला जातो. पहिला शब्द एकाच वस्तूचा शेवट दाखवितो. दुसरा दोन वस्तूंमधील संबंध दाखवितो. पेल्याच्या कडेपलीकडे दुसरा पेला असावा लागत नाही. हद्दीपलीकडे मात्र कोणीतरी शेजारी असावाच लागतो.

हा भेद हाती घेऊन मराठी शब्दसंग्रह पाहिला, म्हणजे तोही याच दोन वर्गांत विभागला गेल्याचे दिसते. नदीचा काठ, लुगड्याचा काठ, डोंगराचा कडा, भाकरीची कड, चंद्राची कोर, वस्त्राची किनार: हे सारे पहिल्या वर्गातील शब्द. ते ज्या वस्तूचे, तिचेच राहतात. याउलट शीव, बांध, मेर, हद्द, आणि विदर्भातील धुरा, हे दुसऱ्या वर्गातील. बांध कोणाचा, असे विचारले तर खरे उत्तर ‘दोघांचा’ असेच द्यावे लागते. आणि म्हणूनच बांध कोरणे हा आपल्या खेड्यांतील पिढ्यान्‌पिढ्यांचा तंट्याचा विषय आहे. आपला काठ कोणी कोरीत नाही. जे सामायिक असते तेच कोरले जाते.

‘शीव’ या शब्दाची घडण सरळ आहे. संस्कृत ‘सीमा’ शब्दातील सकाराचा पुढील ईकारामुळे शकार झाला. दोन स्वरांमधील मकाराचा सानुनासिक वकार झाला. ग्राम-गाव, नाम-नाव या जोड्यांत जो नियम दिसतो, तोच येथेही आहे. जुन्या लेखनात ‘शींव’ असा अनुस्वार दिसतो तो या गेलेल्या मकाराची खूण होय. मराठीत यास जवळचे दोन ध्वनी आणखी आहेत. वस्त्र शिवणे यातील ‘शिव’ हा संस्कृत ‘सीव्‌’ धातूचा, तर स्पर्श करणे या अर्थाचा ‘शिव’ प्राकृत ‘छिव’ धातूचा वंशज. यातूनच ‘शिवाशिव’ हा शब्द आला. तिन्ही शब्दांची कुळे निराळी आहेत. दोन गावे जेथे एकमेकांस शिवतात, जेथे ती जणू एकमेकांस शिवली जातात, ती शीव, असे म्हणण्याचा मोह कवीस झाला तर तो क्षम्य आहे. अभ्यासकास झाला तर नाही. विशेषतः ‘शिवाशिव’ हा शब्द ‘शीव’ शब्दाशी जोडून त्यावर समाजशास्त्रीय सिद्धान्त उभारणे सर्वथा अनुचित होईल. ज्या शब्दाचा ‘शिवाशिवी’शी खरा संबंध आहे तो शब्द दुसराच आहे. तो म्हणजे ‘गावकूस’.

येथे लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. महाराष्ट्रातील परंपरागत खेड्यास एक कड नव्हती, दोन होत्या. पहिली कड गावकुसाची. कुसू म्हणजे वस्तीभोवतीची भिंत अथवा कुंपण. त्यात वेस, वेशीवर दरवाजा. दुसरी कड शिवेची. ती वस्तीपासून दूर, शेते, माळ, ओढे व डोंगरउतार यांना वेढून असलेली, आणि तिच्यापलीकडे दुसऱ्या गावची जमीन. या दोन कडांच्या मधला जो प्रदेश तो शिवार. ‘शिवार’ हा शब्दही ‘शीव’ याच कुळातला मानला जातो. भिंत पडली तरी चालते. अनेक गावांत ती कधीच पडून गेली, आणि डोंगराळ मुलखातील कित्येक वाड्यांना ती नव्हतीच. परंतु गावकुसाच्या ‘आत’ आणि ‘बाहेर’ हा भेद भिंतीवाचूनही टिकून राहिला.

आता या दोन कडांच्या संदर्भात महारवाड्याचे व मांगवाड्याचे स्थान पाहावे. ती वस्ती गावकुसाबाहेर होती, हे सर्वश्रुत आहे. परंतु ती शिवेच्या आत होती, हे आपण सहसा उच्चारीत नाही. शिवाय, जो गावकुसाबाहेर टाकला गेला त्याच्याकडेच दोन्ही कडांची राखण होती. वेशीवर पहारा देणारा वेसकर महार. शिवेच्या खुणा ध्यानात ठेवणारा, नवख्या माणसास व सरकारी पाहुण्यास शिवेवरून आणणारा व शिवेपर्यंत पोचविणाराही महारच. ज्या दारातून आत राहावयास जाण्याचा अधिकार नाही, त्या दाराची राखण. आणि ज्या जमिनीवर धनी म्हणून उभे राहता येत नाही, तिच्या सीमेचे ज्ञान. ही रचना ‘उपेक्षा’ या एका शब्दात बसत नाही.

शिवेच्या तंट्यांत या ज्ञानाचे मोल प्रकट होई. मराठेशाहीतील न्यायपद्धतीवर वि. त्र्यं. गुणे यांचा ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९५३ साली प्रसिद्ध केला. गोतसभा, मजलीस, महजर आणि दिव्य यांच्या ज्या पद्धती त्यात मांडल्या आहेत, त्यांच्या प्रकाशात हे तंटे वाचले पाहिजेत. दोन गावांच्या शिवेविषयी वाद पडला, कागद नाहीत, साक्षी जुळत नाहीत, अशा वेळी एकाने शपथ वाहून, काही ठिकाणी डोक्यावर माती घेऊन, शीव चालावयाची. तो जेथून चालेल ती शीव. पुढे ठरावीक दिवसांत त्यास अपाय झाला नाही, म्हणजे ती चाल खरी ठरे. असे चालणारा कधी पाटील असे, आणि अनेक प्रसंगी महार असे. ज्याचा स्पर्श वर्ज्य, त्याचे पाऊल प्रमाण! हा विरोध केवळ चमत्कृती म्हणून पाहण्याजोगा नाही. त्या समाजरचनेचे मर्म त्यात आहे.

मराठी साहित्यात या शिवेचे सर्वांत जिवंत रूप अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीत भेटते. तिच्या आरंभीच्या भागातील जोगणीचा प्रसंग आठवावा. जोगणी ज्या गावात, जत्रा त्या गावची. दुसऱ्या गावच्या जत्रेतून जोगणी पळवून आणणारा वीर आपल्या गावच्या शिवेत पोचला, म्हणजे त्याच्यावर हात टाकावयाचा नाही, असा उभय गावांचा संकेत. फकिराचा बाप राणोजी वाटेगावासाठी शिगावची जोगणी आणतो, आणि शिगावचा खोत हा संकेत मोडून त्याचा वध करतो. पुढील साऱ्या कथानकाचे बीज या संकेतभंगात आहे. येथे राणोजी हा मांग आहे, गावकुसाबाहेरचा आहे. परंतु जोगणी घेऊन धावताना तो साऱ्या गावाचा प्रतिनिधी आहे, आणि त्याला अभय देणारी रेषा गावकुसाची नसून शिवेची आहे. गावकूस त्याला बाहेर ठेवते. शीव त्याला आपला म्हणते. लेखकाने या दोन रेषांतील अंतर कोठेही सिद्धान्तरूपाने सांगितलेले नाही. प्रसंगाची मांडणीच ते सांगते. या कादंबरीकडे केवळ ‘बंडखोर नायकाची कथा’ म्हणून पाहणाऱ्या समीक्षेने या शिवेकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते. राणोजीचा वध हा एका माणसाचा वध आहेच. त्याबरोबरच गावांमधील अलिखित कायद्याचाही तो वध आहे. आणि तो कायदा पाळणारा गावकुसाबाहेरचा, तर मोडणारा सत्ताधारी आहे.

याच्या दुसऱ्या टोकास शंकरराव खरात यांचे ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) हे आत्मकथन ठेवावे. तराळकी म्हणजे गावकामाची पाळी. विहिरीत सापडलेल्या प्रेताची राखण करणे, ते बाहेर काढणे, ही कामे लेखकाच्या वडिलांच्या वाट्यास येतात. येथे शिवार हे वीरश्रीचे क्षेत्र राहत नाही. जेथे कोणी जाऊ इच्छीत नाही तेथे जाण्याची सक्ती ज्याच्यावर आहे, त्याच्या भयाचे आणि अपमानाचे ते क्षेत्र होते. ‘फकिरा’मध्ये शीव अभय देते, ‘तराळ-अंतराळ’मध्ये शिवेच्या आतील प्रत्येक आपत्ती तराळाच्या दारी येते. दोन्ही चित्रे खरी आहेत. एकाच स्थानाची ती दोन अंगे आहेत.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) या दोहोंहून वेगळी. तेथे शिक्षक बाहेरून येतो. त्याच्या दृष्टीने वाडी हे एक अखंड वर्तुळ आहे, आणि त्यात शिरणे हा कादंबरीचा एक मोठा विषय आहे. दुष्काळाने वाडी उठते तेव्हा माणसे शिवेबाहेर जातात आणि वर्तुळच पुसले जाते. बाहेरून येणाऱ्यास कड एकच दिसते. आत राहून बाहेर ठेवल्या गेलेल्यास दोन दिसतात. माडगूळकरांच्या कलेत यामुळे काही उणे येत नाही. निवेदक कोठे उभा आहे यावर कडांची संख्या अवलंबून असते, एवढेच यावरून लक्षात घ्यावयाचे.

आता समीक्षेतील ‘परीघ’ या संज्ञेकडे वळू. केंद्र आणि परीघ ही जोडी मराठी साहित्यविचारात पाश्चात्त्य चर्चेतून आली व चांगलीच रुजली. दलित, ग्रामीण, आदिवासी साहित्याविषयीच्या प्रबंधांत ‘परिघावरचा आवाज’ असा शब्दप्रयोग आढळत नाही असे प्रकरण विरळाच. ही संज्ञा निरुपयोगी आहे, असे म्हणावयाचे नाही. परंतु तिच्यात आयरिश भाषेतील पहिल्या शब्दाचा, म्हणजे पेल्याच्या कडेचा, अर्थ आहे. परिघास एकच केंद्र असते, आणि परिघावरील बिंदूची सारी ओळख केंद्रापासूनच्या त्याच्या अंतराने ठरते. परिघापलीकडे काय आहे, याविषयी भूमितीतील वर्तुळ काहीच बोलत नाही. शिवेपलीकडे मात्र दुसरे गाव असते, तेथील महारवाडा असतो, सोयरीक असते, जोगणी असते. गावकुसाबाहेरच्या माणसाचे जग एका गावाच्या केंद्राकडे तोंड करून उभे नव्हते. ते शिवेपलीकडच्या वस्त्यांशीही बांधलेले होते. ‘परीघ’ म्हटल्याबरोबर हे दुसरे अंग दृष्टीआड होते, आणि ज्याला आपण न्याय देऊ पाहतो, त्याची ओळख पुन्हा केंद्राच्या मापानेच करून बसतो.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि त्यास बगल देणे योग्य नव्हे. शिवेच्या ज्ञानाचा व राखणीचा असा गौरव करणे म्हणजे वेठीस प्रतिष्ठेचे वस्त्र पांघरणे नव्हे काय? वतनाच्या नावाखाली जी गुलामगिरी चालली तिचे हे सुशोभीकरण नव्हे काय? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर इतिहासातच शोधले पाहिजे. महार वतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, ते या वतनाने माणसास रात्रंदिवस राबविले आणि त्याबदल्यात भिकेसारखे बलुते दिले म्हणून. शीव चालणाऱ्याच्या शब्दास मान होता. परंतु तो शब्द द्यावयाचा की नाही, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य त्यास नव्हते. साक्षीचा अधिकार आणि साक्षीची सक्ती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच येथे गौरवाचा प्रश्न नाही, वर्णनाच्या अचूकतेचा आहे. ज्याच्याकडे ज्ञान होते त्यास ‘केवळ वंचित’ म्हणणे हेही एक प्रकारे त्याचे ज्ञान हिरावून घेणेच होय. अन्याय किती मोठा होता हे कळण्यासाठी, ज्याच्यावर तो झाला त्याच्यापाशी काय होते, हे आधी कळले पाहिजे.

ते ज्ञान निरुपयोगी कसे झाले, याचाही विचार करावा. पुणे जिल्ह्यात प्रिंगल यांच्या पाहणीचा प्रयोग फसल्यावर १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांची नवी पाहणी सुरू झाली, आणि पुढे ती पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. शेतांस क्रमांक मिळाले, हद्दीचे दगड बसले, नकाशे झाले. शीव चालण्याची जागा साखळी मोजण्याने घेतली. भोर हे संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानी मुलखाचा कारभार निराळा असला, तरी कालौघात तेथेही कागदच प्रमाण झाला. ज्या साक्षीमुळे तराळाच्या शब्दास वजन होते, ती अशा रीतीने अनावश्यक ठरली. परंतु वेठ मात्र उरली. तिचा कायदेशीर शेवट होण्यास कनिष्ठ गावकी वतने नष्ट करणारा १९५८ चा कायदा यावा लागला. मान आधी गेला आणि ओझे शंभर वर्षे मागे राहिले. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या आधुनिक दुःखाचा हा एक अध्याय आहे, आणि ‘परीघ’ या संज्ञेने तो वाचता येत नाही.

आयर्लंडमध्येही याच सुमारास असेच काही घडत होते. १८२४ नंतर तेथे इंग्रजी सैन्याच्या अभियंत्यांनी मोजणी आरंभिली आणि लहानात लहान ग्रामविभागाची सीमा व नाव कागदावर आणले. ब्रायन फ्रील यांचे ‘ट्रान्स्लेशन्स’ (१९८०) हे नाटक याच घटनेवर आहे. त्यात एका चौकाच्या नावाविषयीचा प्रसंग आहे. नावात विहिरीचा उल्लेख असतो, पण विहीर केव्हाच आटलेली असते, आणि नावाची कथा ठाऊक असणारे जवळजवळ कोणी उरलेले नसते. तरीही ते नाव ठेवावे, असा आग्रह धरतो तो नाटकातील इंग्रज अधिकारी. तेथला भूमिपुत्र ते बदलावयास तयार असतो. आपल्याकडील समांतर उदाहरण फार दूर नाही. मुंबई बेट आणि साष्टी यांच्या सीमेवरील ‘शीव’ इंग्रजी लेखनातून ‘सायन’ झाली, आणि त्या ध्वनीमुळे बायबलमधील डोंगराची आठवण काढणारेही निघाले. एकीकडे इंग्रजांचे बेट, दुसरीकडे १७३९ पर्यंत पोर्तुगीजांची साष्टी, अशी ती खरीखुरी शीव होती. शब्दाचा अर्थ गेला म्हणजे जागेचा इतिहासही मुका होतो.

शब्दांच्या श्रेणीविषयीही येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. राज्याची ती ‘सीमा’ आणि गावाची ती ‘शीव’, असे वाटप आपण करून टाकले आहे. तत्सम शब्द शासनाकडे गेला, तद्भव शेतकऱ्याकडे राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाल्यापासून बेळगावसह मराठी भाषक प्रदेशाविषयी जो वाद चालत आला, त्यास आपण ‘सीमाप्रश्न’ म्हणतो. परंतु त्या वादात महाराष्ट्राने धरलेले प्रमुख तत्त्व ‘खेडे हा घटक’ हे होते. आंध्र व मद्रास यांच्या सीमेविषयी ह. वि. पाटसकर यांनी १९५७ साली दिलेल्या निवाड्यातही हेच तत्त्व होते. म्हणजे राज्याची सीमा अखेर गावांच्या शिवांवरच उभी राहते. सीमा नकाशावर काढता येते. शीव मात्र कोणीतरी चालून दाखवावी लागते.

आचारांतही हाच ऱ्हास दिसतो. दसऱ्याचे सीमोल्लंघन प्रत्यक्ष शिवेपर्यंत जाण्याचे होते. वराचे सीमान्तपूजन वधूच्या गावच्या शिवेवर होई. आज ते मंगल कार्यालयाच्या दालनात आदल्या सायंकाळी उरकते. मरीआईचा गाडा शिवेपलीकडे नेऊन सोडण्याच्या प्रथेत तर शेजारधर्माचे भीषण रूप होते: आपली रोगराई दुसऱ्याच्या हद्दीत लोटून देणे. ती प्रथा गेली हे इष्टच झाले. परंतु या सर्वांत शीव ही ओलांडण्याची, भेटण्याची, प्रसंगी अपराधाचीही जागा होती. ती कधीच नुसती ‘शेवट’ नव्हती.

यावरून अभ्यासकांनी काय करावे, हे थोडक्यात सांगून लेख संपवितो. पहिली गोष्ट, गावकूस आणि शीव या दोन संज्ञा समीक्षेत निराळ्या ठेवाव्यात. ज्या कृतीत बहिष्काराची रेषा आहे तेथे गावकूस म्हणावे, ज्या कृतीत संबंधाची रेषा आहे तेथे शीव म्हणावे, आणि ‘परीघ’ हा शब्द जेथे खरोखर एकच केंद्र आहे तेथेच वापरावा. दुसरी गोष्ट, आत्मकथने वाचताना निवेदकास किती कडा दिसतात हे मोजावे. त्यावरून त्याचे उभे राहण्याचे स्थान कळते. तिसरी गोष्ट ग्रंथालयाबाहेरची आहे. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत शिवेवरचे दगड, खिंडी, ओढे, म्हसोबाची ठाणी यांना जी नावे आहेत, ती सातबाऱ्यावर नाहीत; ती वृद्धांच्या तोंडी आहेत. महामार्गालगतची शेते बिनशेती होत असताना बांधांबरोबर ही नावेही सपाट होत आहेत. ती नोंदविताना ज्यांच्या पूर्वजांनी ही शीव राखली व चालून दाखविली, त्यांच्या वस्तीत प्रथम जावे. शीव कोठे आहे, हे त्यांना विचारल्यावाचून ठरविण्याचा प्रघात पूर्वीही नव्हता.